धीर कोणाच्या पदरचा?

धीर हा सद्गुण आहे, ही गोष्ट आपण बाळपणापासून इतक्या वेळा ऐकलेली असते की, ती एकदा तपासून पाहावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आमच्याही मनात ते आले नसते. परंतु गेल्या मे महिन्यात दापोलीस एका स्नेह्यांच्या ओटीवर आम्ही एक वाद ऐकला, आणि तेव्हापासून या सर्वमान्य सद्गुणाविषयी आमचे मन काहीसे साशंक झाले आहे. वादाचा विषय क्रिकेटचा होता. इतक्या क्षुल्लक गोष्टीवरून नीतीची चर्चा कसली, असे एखाद्या गंभीर वाचकास वाटणे शक्य आहे. त्यांस आमचे एवढेच सांगणे की, माणसे नीतीच्या मोठ्या प्रश्नांवर बोलताना बहुधा पाठ केलेले बोलतात. खेळावर बोलताना मात्र मनातले बोलून जातात.

हे आमचे स्नेही सेवानिवृत्त शिक्षक असून वयाने ऐंशीला टेकले आहेत. घरामागे त्यांची आंब्याची बाग आहे आणि मनात महाराष्ट्राचा रणजी संघ आहे. येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. क्रिकेटच्या नकाशावर रत्नागिरी जिल्हा मुंबईत मोडत नाही, महाराष्ट्र संघाच्या हद्दीत मोडतो. परंतु कोकणातील प्रत्येक घरातील एक तरी माणूस पोटासाठी मुंबईस गेलेला असल्यामुळे येथील पुष्कळांचा जीव मुंबईच्या संघात गुंतलेला असतो. आमच्या स्नेह्यांचा भाचा असाच मुंबईस नोकरी करणारा. सुटीत मामाकडे आला म्हणजे दोघांचा हा वाद ठरलेला.

“मामा, तुमचा संघ शेवटचा जिंकला तेव्हा तुमचा जन्मसुद्धा झाला नव्हता,” भाच्याने सुरुवात केली. “दर वर्षी तुम्ही म्हणता, नवी मुले तयार होताहेत. अजून किती वर्षे तयार व्हायची ती?”

“अरे, कलम लावले की दुसऱ्या दिवशी आंबा मागतोस होय?” मामा म्हणाले. “तुम्हां मुंबईकरांना सगळे पेटीत भरलेले लागते.”

भाच्याचे म्हणणे आकड्यांनी खोडून काढण्याजोगे नव्हते. रणजी स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली. महाराष्ट्राने १९३९-४० साली पुण्यास संयुक्त प्रांताचा पराभव करून आणि पुढच्याच वर्षी मद्रासेस मद्रासचा पराभव करून हा करंडक लागोपाठ दोनदा जिंकला. कर्णधार होते पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर, आणि पहिल्या विजयाच्या वेळी त्यांचे वय ४८ वर्षांचे होते. त्यानंतर २०२४-२५च्या हंगामापर्यंत तो करंडक पुन्हा महाराष्ट्राकडे आला नाही. तीनदा संघ अगदी दाराशी जाऊन परतला. १९७०-७१ साली अंतिम सामन्यात मुंबईने त्यास ४८ धावांनी हरविले, आणि तेही मुंबईचे नामांकित खेळाडू वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेलेले असताना. १९९२-९३ साली लुधियान्यास पंजाबने हरविले; पंजाबचा तो पहिलाच करंडक. २०१३-१४ साली खालच्या ‘क’ गटातून वर चढत, वाटेत वानखेडे मैदानावर खुद्द मुंबईस नमवीत संघ हैदराबादेस अंतिम सामन्यापर्यंत पोचला. केदार जाधवने त्या एका हंगामात १,२२३ धावा केल्या होत्या. तेथे कर्नाटकाने त्यांस हरविले. आमच्या स्नेह्यांनी पहिला पराभव विशीत पाहिला, दुसरा चाळिशीत आणि तिसरा साठी उलटल्यावर. देवधरांना तर १०१ वर्षांचे आयुष्य लाभले. १९९३च्या ऑगस्टमध्ये ते निवर्तले, त्याच वर्षी त्यांचा संघ लुधियान्यास हरला होता. दुसऱ्या विजयानंतर ते ५२ वर्षे जगले, पण तिसरा विजय काही त्यांच्या दृष्टीस पडला नाही.

यावर भाच्याचा युक्तिवाद असा की, हा धीर संघाच्या हिताचा नसून घाताचा आहे. मुंबईने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत लागोपाठ पंधरा वर्षे करंडक जिंकला. २०१५-१६ साली तिने तो ४१व्यांदा जिंकला, आणि नंतर सात वर्षे कोरडी गेली. त्या सात वर्षांत मुंबईच्या रसिकांनी कोणास सुखाने झोपू दिले नाही. २०२१-२२ साली संघ बंगळुरास मध्य प्रदेशाकडून अंतिम सामना हरला, पुढच्या वर्षी तर बाद फेरीही गाठू शकला नाही. परंतु २०२३-२४ साली विदर्भास हरवून त्याने ४२वा करंडक आणलाच. “आमच्याकडे सात वर्षांना नामुष्की म्हणतात,” भाचा म्हणाला, “आणि तुमच्याकडे ऐंशी वर्षांना परंपरा म्हणतात!”

“बाद फेरी कोणामुळे हुकली ते सांग की,” मामांनी मिस्किलपणे विचारले. ज्या सामन्यावर मुंबईचे भवितव्य अवलंबून होते तो २०२३च्या जानेवारीत महाराष्ट्राशीच झाला होता. दोन्ही संघांचा पहिला डाव बरोबर ३८४ धावांवर संपला, पहिल्या डावाची आघाडी कोणासच मिळाली नाही आणि दोघेही स्पर्धेबाहेर गेले. मामा-भाचे यावर मनमुराद हसले. तेवढ्यापुरते दोघांचे दुःख एक झाले होते.

मामांचा मुख्य आधार मात्र विदर्भाचा होता. विदर्भ १९५७-५८ साली रणजी स्पर्धेत प्रथम उतरला आणि साठ वर्षे त्यास दुबळ्या संघांतच गणण्यात येत असे. २०१७-१८ साली त्याने इंदुरास दिल्लीचा पराभव केला. फैज फजल कर्णधार होता आणि रजनीश गुरबानीने त्या अंतिम सामन्यात लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. पुढच्या वर्षी विदर्भाने करंडक राखला आणि २०२४-२५ साली केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा जिंकला. “साठ वर्षे कोणी धीर धरला म्हणूनच ना हे झाले?” मामांनी विचारले. भाच्याने क्षणभर विचार करून दिलेले उत्तर आमच्या मनात घर करून राहिले. तो म्हणाला, “मामा, विदर्भाने वाट पाहायचे सोडले, तेव्हा तो जिंकला.”

या दोघांपैकी खरे कोणाचे? आम्हांस असे वाटते की, दोघेही ‘धीर’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या वस्तूंना लावीत होते. आपल्या परंपरेने हा भेद फार पूर्वी ओळखला आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात धृतीचे तीन प्रकार सांगितले आहेत. मन, प्राण व इंद्रिये यांच्या क्रिया जी एकाग्रतेने आवरून धरते ती सात्त्विक; फळाच्या अभिलाषेने जी आपल्या पुरुषार्थांस चिकटून राहते ती राजस; आणि मंदबुद्धीचा मनुष्य जिच्यामुळे निद्रा, भय, शोक, विषाद आणि मद सोडीत नाही ती तामस. तामस वृत्तीलाही येथे ‘धृती’च म्हटले आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. म्हणजे झोपेला चिकटून राहण्यासही एक प्रकारचा चिवटपणा लागतो, आणि बाहेरून पाहणाऱ्यास तो धीरासारखाच दिसतो. ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटल यानेही सौम्यपणाचा विचार करताना म्हटले आहे की, जेथे रागवावयास हवे तेथे जो रागावत नाही तो शहाणा नव्हे. योग्य कारणासाठी, योग्य माणसावर, योग्य वेळी रागावणे हे त्याच्या मते सद्गुणाच्या कक्षेतच येते.

तेव्हा धीर सात्त्विक की तामस हे वर्षे मोजून ठरत नाही. वाट पाहण्याच्या काळात काही घडत आहे की नाही, यावर ते ठरते. मामांनी दिलेला कलमाचा दाखला याच कसोटीवर तपासू. आंब्याचे कलम लावून बागायतदार स्वस्थ बसत नाही. पहिली काही वर्षे तो त्यास उन्हाळ्यात पाणी घालतो, कलमाच्या सांध्याखाली खुंटावर फुटलेली फूट वेळच्या वेळी काढतो, आणि तीन-चार वर्षांपर्यंत आलेला मोहोर स्वतःच्या हाताने खुडून टाकतो. कारण कोवळ्या झाडावर फळ धरले तर झाडाची वाढ खुंटते. आलेला मोहोर खुडणे हेच खरे धीराचे कृत्य होय. दापोलीच्या ज्या कृषी विद्यापीठाची १९७२ साली स्थापना झाली, त्याच्या संशोधकांनी नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली ‘रत्ना’ आणि पुढे रत्ना व हापूस यांच्या संकरातून १९९२ साली ‘सिंधू’ ही जात दिली. एकेका संकराचे झाड वाढावयाचे, फळावर यावयाचे, मग त्या फळाची परीक्षा व्हावयाची. यात वर्षे जातातच. परंतु त्या प्रत्येक वर्षाची नोंद असते. विदर्भाचीही हीच गोष्ट. तेथे निवासी अकादमीत मुले घडविली गेली, वासिम जाफरसारखा अनुभवी फलंदाज बाहेरून आणून तरुणांच्या सोबतीस ठेवला गेला, आणि चंद्रकांत पंडितांसारखा करडा शिक्षक नेमला गेला. वाट पाहायचे सोडले असे भाचा म्हणाला, त्याचा अर्थ आम्ही असा करतो की, विदर्भाने तामस धीर सोडला आणि सात्त्विक धीर धरला.

येथवर गोष्ट सोपी आहे. ‘काम करीत वाट पाहा’ एवढेच सांगावयाचे असते, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. खरी अडचण यापुढे आहे. बागायतदाराच्या हातात पाण्याची कळशी असते. संघाच्या चाहत्याच्या हातात काय असते? तो मोहोर खुडू शकत नाही की फूट काढू शकत नाही. दुसरे कोणी काम करीत असताना, किंवा करीत नसताना, त्याने केवळ पाहावयाचे असते. अशा माणसास ‘धीर धरा’ असे सांगण्याचा अधिकार कोणास आहे आणि कोठवर आहे?

या अधिकाराचा दुरुपयोग कसा होतो, याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले आहे. तेथील बेसबॉल या खेळात ह्यूस्टन शहराच्या अॅस्ट्रोस संघाने जुने, महागडे खेळाडू काढून टाकून नव्या दमाचा संघ पायापासून उभारण्याचे ठरविले. त्या वेळच्या पद्धतीत तळाशी राहणाऱ्या संघास पुढील वर्षी उगवत्या खेळाडूंची निवड आधी करावयास मिळत असे, म्हणून हरण्यातही एक प्रकारचा लाभ असे. २०११ साली हा संघ १०६ सामने हरला, २०१२ साली १०७ आणि २०१३ साली १११. रसिकांस सांगण्यात आले की, धीर धरा, ही उभारणी आहे. त्यांनी धीर धरला. २०१७ साली संघ अजिंक्यपद जिंकला आणि सर्वांस वाटले की धीराचे फळ मिळाले. परंतु २०२०च्या जानेवारीत चौकशीअंती जाहीर झाले की, विजयाच्या त्या वर्षी या संघाने कॅमेऱ्याच्या साहाय्याने प्रतिपक्षाच्या खुणा चोरल्या होत्या. संघास ५० लाख डॉलरांचा दंड झाला. व्यवस्थापक व प्रशिक्षक यांना आधी निलंबित आणि मग बडतर्फ करण्यात आले. नव्या खेळाडूंच्या जोपासनेचे काम त्या वर्षांत झालेच नव्हते असे नाही. तथापि ज्या मुलाने बापाच्या मांडीवर बसून तीन वर्षे केवळ पराभव पाहिले आणि मग आनंदाने टाळ्या वाजविल्या, त्यास त्या टाळ्या परत कोण देणार? त्याने दिलेले नाणे खरे होते. त्यास मिळालेले नाणे संशयित निघाले.

या उदाहरणावरून आम्हांस जे दिसते ते असे. धीर ही फुकट मिळणारी वस्तू नाही. धीर धरणे म्हणजे आपल्या आयुष्याची काही वर्षे दुसऱ्याच्या स्वाधीन करणे. पैसा उसना दिला तर परत मिळू शकतो. वर्षे परत मिळत नाहीत. म्हणून धीराविषयी पहिला प्रश्न ‘किती?’ हा नसून ‘कोणाच्या पदरचा?’ हा आहे. स्वतःच्या आयुष्यातून धीर धरणाऱ्यास कोणी दोष देऊ नये. दुसऱ्याच्या आयुष्यातून जो धीर मागतो, त्याने मात्र पै-पैचा हिशेब दिला पाहिजे.

याच दापोली तालुक्यातील मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. परीक्षेसाठी ते मुलगा असताना घाट चढून साताऱ्यास पायी गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांस परत पाठविण्यात आले. तो धीर त्यांचा स्वतःचा होता. पुढे १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले, तेव्हा त्याच्या पदवीस सरकारी मान्यता नव्हती; वैधानिक दर्जा मिळावयास १९५१ साल उजाडावे लागले. त्या वेळी कर्वे ९३ वर्षांचे होते. मधल्या ३५ वर्षांत ज्या मुलींनी ती पदवी घेतली, त्यांनीही आपली वर्षे पणास लावली होती. परंतु पदवी सरकारमान्य नाही ही गोष्ट उघड होती; कोणापासून काही लपविलेले नव्हते, आणि मागणारा स्वतः त्यांच्यापेक्षा अधिक देत होता. धीर मागण्याचा अधिकार असा मिळवावा लागतो.

दुसऱ्याच्या पदरचा धीर खर्च करण्याचे पाप आमच्याही हातून घडले आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या वर्गात खेड्यातून आलेला एक विद्यार्थी होता. इंग्रजीतून शिकविलेले त्यास समजत नसे, आणि तसे त्याने धीटपणे येऊन सांगितलेही. आम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, “धीर धर, हळूहळू येईल.” आमचे शिकविणे मात्र होते तसेच राहिले. दोन वर्षांनी तो महाविद्यालय सोडून गेला. त्या दोन वर्षांत आमचे वेतन दरमहा नियमित मिळत होते. धीर आम्ही सांगितला आणि किंमत त्याने दिली. आज खेळाच्या संघटनांवर टीका करताना ही गोष्ट विसरणे आम्हांस शोभणार नाही.

तेव्हा चाहत्याने करावे तरी काय? आमच्या मते त्याच्याकडून दोन गोष्टींची अपेक्षा योग्य आहे, आणि त्या परस्परविरुद्ध दिसल्या तरी तशा नाहीत. जो एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा मैदानात उतरला आहे, त्याच्याविषयी त्याने उदार असावे. त्या मुलाच्या उमेदीची वर्षे दहा-बाराच असतात. दोन डावांत अपयश आले म्हणून त्यास मोडीत काढणे म्हणजे पहिल्या मोहोरावरून झाडाची परीक्षा करणे होय. परंतु संघाची व्यवस्था ज्यांच्या हाती असते, त्यांच्याविषयी त्याने तितकेच कठोर असावे. गेल्या वर्षी कोणती मुले निवडली, त्यांचे पुढे काय झाले, जिल्ह्याजिल्ह्यांतून मैदाने व शिक्षक मिळाले की नाही, हे त्याने विचारीत राहावे. प्रत्यक्षात होते नेमके उलट. मुलावर शिव्यांचा वर्षाव होतो, आणि व्यवस्थेस ‘उभारणी चालू आहे’ या एका वाक्यावर वर्षानुवर्षे अभय मिळते. आपण राग चुकीच्या माणसावर काढतो आणि धीर चुकीच्या माणसास देतो. भाच्याची अधीरता आणि मामांचा धीर ही दोन्ही आपापल्या जागी ठेवली, तर त्यांत मुळी भांडणच उरत नाही.

रात्र बरीच झाली होती. भाच्याचा स्वर आता निवळला होता. त्याने विचारले, “मामा, खरे सांगा, तुमच्या हयातीत जिंकेल असे वाटते तुम्हांला?”

मामा जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “नाही वाटत. पण जिंकण्यासाठी म्हणून कुठे पाहतो रे मी? तो संघ आपला आहे. घरचे माणूस आजारी असले तर बरे होईपर्यंतच आपण त्याच्याजवळ बसतो का?”

या उत्तरात तर्कशास्त्राच्या दृष्टीने दोष काढता येतील. कोणाही व्यवस्थापकाने आपल्या बचावासाठी हे उत्तर वापरले, तर आम्ही ते क्षणभरही मान्य करणार नाही. परंतु ते बोलणारा स्वतःची ऐंशी वर्षे पदरात घेऊन बोलत होता, आणि त्याने कोणाकडे काही मागितले नव्हते. भाचा उठला आणि त्याने मामांच्या अंगावर पांघरूण घातले. पुढच्या हंगामात महाराष्ट्राचा पहिला सामना कधी आहे, हे पाहून कळवितो म्हणाला. आम्हांसही कळवावे, असे आम्ही त्यास सांगितले.